मागच्या बसने येणारे खळदकर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला पुढच्या महिन्यात बोलायला सांगितलंय. विषय, 'प्रवासाने मला काय दिलं'. वेळ पंधरा मिनिटं, नंतर चहा. बर्वेबाई एवढ्या फिरल्यात म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असणारच, असा तिथल्या मंडळींचा भाबडा समज आहे. फिरले आहे हे खरं. ह्यांच्याबरोबर अकरा देश पाहिले. फ्रिजच्या दारावर इतके मॅग्नेट आहेत की जोरात उघडलं तर एखादा देश खाली पडतो. पण वही घेऊन बसले आणि कपाळावर हात मारला. नाश्ता किती वाजता आणि बस किती वाजता सुटणार, याखेरीज मला काही म्हणजे काही आठवेना. आठवत राहिले ते आमच्या ऑफिसातले खळदकर, जे माझ्या माहितीप्रमाणे कात्रजच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

मोहन खळदकर ऑफिसात टपाल सांभाळायचे. किडकिडीत अंग, उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बटण लावलेल्या बाह्या, खांद्याला कापडी पिशवी. बोलणं असं की तोंडातून शब्द काढायचा तर त्याला टपाल तिकीट लागतं की काय, असं वाटावं. कुणी 'कसे आहात' विचारलं तर म्हणायचे, "दिसतोय तसा." पुढे बोलायची सोयच नाही.

दर सोमवारी मात्र आम्ही मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी जमायचो. कारण दर रविवारी हा गृहस्थ सिटी बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचा आणि परत यायचा. बस्स. एवढंच.

"काय खळदकर, काल कुठे स्वारी?"

"कात्रज."

"काय पाहिलंत?"

"शेवटचा स्टॉप."

"आणि गेल्या रविवारी?"

"मांजरी. तिथेही एक आहे."

मांजरीहून येताना ते उसाचे करवे आणायचे आणि कागदात गुंडाळून सगळ्यांच्या टेबलावर ठेवायचे. मी सिंगापूरहून चॉकलेटं आणली, तर त्यांनी आपलं नीट खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "परतताना काय पाहिलंत, बर्वेबाई?"

"परतताना? विमानात झोपले होते."

"म्हणजे अर्धाच प्रवास झाला तुमचा," असं म्हणून ते पाकिटांवर शिक्के मारायला लागले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! ज्या माणसाने पासपोर्ट डोळ्यांनी पाहिला नाही, तो माझा प्रवास अर्धा ठरवतो! मग मीही सोडलं नाही. प्रवासरजा मिळत असून हे कधी कुठे जात नव्हते. मी म्हटलं, "अहो, ऑफिस पाठवतंय तर कन्याकुमारीला तरी जाऊन या. तिथे तर देशाचाच शेवटचा स्टॉप आहे."

सगळे हसले. खळदकरही किंचित हसले. "संध्याकाळी घरी परतता येत नाही तिथून," म्हणाले.

आम्ही समजलो, एकटा जीव, विक्षिप्त माणूस, चालायचंच. वीस वर्षं समोरासमोर बसून आम्हाला त्यांच्या घरात कोण आहे हे ठाऊक नव्हतं. ते सांगत नसत हे खरं, पण आम्हीही कधी नीट विचारलं नव्हतं. आज त्याची लाज वाटते.

ते कळलं एका रविवारी. माझी भाची कात्रजला राहते. तिच्याकडे जायचं होतं, गाडी दुरुस्तीला दिली होती, म्हणून नाइलाजाने बस पकडली. पाहते तर पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून खळदकर उभे. बस अर्धी रिकामी, पण हे बसेनात. मान लांब करून समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. दांडीवरची बोटं पांढरी पडली होती.

"अहो खळदकर, बसा की. जागा आहे."

त्यांनी दचकून पाहिलं. "नको. पुढची बस दिसत नाही बसल्यावर."

"पुढच्या बसमध्ये काय आहे?"

"माझा भाऊ."

"मग त्याच बसमध्ये का नाही चढलात?"

"चढलो असतो, तर तो एकटा कसा गेला असता?"

मला वाटलं, उन्हाने खळदकरांचं डोकं फिरलं. तेवढ्यात शेवटचा स्टॉप आला. खळदकर सगळ्यांच्या आधी दारात. पण खाली उतरल्यावर हा माणूस थांबला, रुमालाने हात पुसले, आणि अगदी रमतगमत, बागेत आल्यासारखा, स्टॉपवरच्या बाकाकडे चालू लागला. बाकावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. गोल चेहरा, पांढरे केस चापूनचोपून बसवलेले, मांडीवर पिशवी, आणि एक हात शर्टाच्या खिशावर गच्च दाबलेला. खळदकर समोर उभे राहिल्यावर त्यांनी मान वर केली आणि तक्रार केली, "उशीर."

"सिग्नल होता रे," खळदकर म्हणाले.

खिशावरचा हात मग खाली आला. खिशात बसचं तिकीट होतं.

हा दादा. खळदकरांचा थोरला भाऊ. अंगाने वाढला, पण समज सहा-सात वर्षांच्या मुलाइतकीच राहिली. मी भाचीकडे गेलेच नाही. टपरीवर चहा घेत उभी राहिले आणि खळदकरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, सलग दहा वाक्यं बोलून सांगितलं. दादा विशीत असताना गणपतीच्या गर्दीत, बुधवार पेठेत, आईच्या हातून सुटला. दोन दिवसांनी सापडला. त्या दोन दिवसांत त्याचं काय झालं ते कुणाला कधी कळलं नाही, पण पुढे कित्येक महिने तो बोलला नाही. आईने धसकाच घेतला. ती असेपर्यंत दादा दाराच्या आतच राहिला, बाहेरून कडी. ती गेली आणि खळदकरांनी कडी काढली.

"नातेवाईक म्हणतात, सांभाळायचा तर आतच ठेव," ते म्हणाले. "पण बर्वेबाई, हात कधीतरी सुटणारच ना? माझा काय, कुणाचाही. तेव्हा त्याला एवढंच माहीत पाहिजे, की घाबरून मध्येच कुठे उतरायचं नाही. शेवटपर्यंत जायचं, बाकावर बसायचं. मी मागच्या बसने येतो."

म्हणजे ज्या रविवारांची आम्ही इतकी वर्षं टिंगल केली, ते हे होतं. आधी दोघं एकत्र जायचे. दादा प्रत्येक स्टॉपला उठायचा, "आता?" खळदकर म्हणायचे, "हा नाही." मग शेवटी, "आता." मग तिकीट त्यानेच काढायचं. कंडक्टरपुढे नोट धरायची आणि म्हणायचं, "शेवटचा." मग एक दिवस खळदकर टपरीमागे लपले. आणि मग ही मागची बस. घरच्या स्टॉपवर दादाला पुढच्या बसमध्ये चढवायचं आणि आपण लगेच मागून येणाऱ्या बसमध्ये वीस मिनिटं जीव मुठीत धरून उभं राहायचं.

"आणि तो उतरलाच मध्ये तर?" मी विचारलं.

"म्हणून तर बसत नाही मी," खळदकर म्हणाले.

त्यानंतर दर सोमवारी मी त्यांच्या टेबलाकडे गेले, की फक्त एवढंच विचारायचे, "बाकावर होता?" आणि ते शिक्का मारता मारता म्हणायचे, "होता."

आता तो बुधवार. तो सांगायलाच हवा.

आठवडाभर खळदकर ऑफिसात असताना दादा शेजारच्या नसीम आपांकडे असायचा. आपा साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्यांच्या मशीनशेजारी दादाचं स्टूल, दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावायचं काम त्याच्याकडे. त्या दिवशी बाराच्या सुमाराला खळदकरांचा फोन वाजला. आपा इतक्या मोठ्याने रडत होत्या की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होतं. दादा घरात नव्हता. गल्लीतही नव्हता.

खळदकरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं आता कोसळतात. पण त्यांनी जे विचारलं ते ऐकून सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघायला लागलं. "आपा, मशीन चालू होती का सकाळपासून?"

नव्हती. आपांना ताप होता, त्या पडून होत्या.

"पिशवी खुंटीवर आहे का, बघा."

पिशवीही नव्हती. बसची नोट तिच्यातच असायची.

त्यांनी फोन ठेवला. "मशीन फक्त रविवारी बंद असते," म्हणाले. "त्याला वाटलं रविवार आहे. तो निघालाय, बर्वेबाई."

साहेबांनी पोलिसांना फोन करायला घेतला. खळदकर म्हणाले, करा, जरूर करा. पण ते स्वतः पायऱ्या उतरत होते. "मी कात्रजला जातो."

"मग मी मांजरीला जाते," मी म्हटलं.

"उगाच हेलपाटा. मांजरीची बस समोरच्या बाजूने सुटते. दादा एकटा रस्ता ओलांडत नाही."

"नसेल ओलांडत. तरी जाते." माझा स्वभावच असा आहे. कुणी उगाच म्हटलं की मला ते करायचंच असतं. ह्यांची जन्मभर त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण त्या दिवशी तो स्वभाव कामाला आला.

रिक्षा हडपसरला अडकली. हलेचना. घामाने मी भिजले, देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं अजून फेडायचंय. शेवटी मांजरीचा स्टॉप दिसला आणि त्याच्या बाकावर एक पांढरं, चापूनचोपून बसवलेलं डोकं दिसलं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. रिक्षा थांबायच्या आत मी पाय बाहेर टाकला, तेव्हा रिक्षावालाच म्हणाला, "मावशी, सावकाश."

मी फोन लावला. "आहे! खळदकर, आहे! बाकावर!"

पलीकडून रहदारीच्या गोंगाटात अगदी बारीक आवाजात प्रश्न, "बसलाय, की उभा आहे?"

"बसलाय. खिशावर हात ठेवून."

मग ते म्हणाले, "बरं. मी येतो."

"अहो, तुम्ही कशाला? मी रिक्षाने घेऊन येते त्याला."

"तो येणार नाही."

मी म्हटलं, न यायला काय झालं. बाकाशी जाऊन म्हटलं, "दादा, मला ओळखलंत ना? चला, घरी जाऊ. मोहनने सांगितलंय."

दादाने मला ओळखलं. हसला. पण उठेना. "मोहन मागच्या बसने," म्हणाला. मी गोड बोलले, लाडू देते म्हटलं, शेवटी चिडलेसुद्धा. तो खिशावरचा हात आणखी दाबून धरायचा आणि सांगायचा, "मोहन मागच्या बसने." मग मीच हात टेकले. रिक्षा सोडून दिली आणि त्याच्याशेजारी बसले. तो सरकला. मला नीट बसता यावं म्हणून वीतभर जागा करून दिली.

त्या बाकावर मी पावणेदोन तास बसले. अकरा देशांत मी एका जागी पावणेदोन तास बसले नव्हते. तिकडे कुणीतरी छोटा झेंडा घेऊन पुढे पळत असतं आणि आपण मागे. इथे काही म्हणजे काही करायचं नव्हतं. ऊस भरलेली ट्रॉली गेली. शेतापलीकडे अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या. रसवंतीवर बैलाचं घुंगरू लावलेलं यंत्र फिरत होतं. बस यायची, वळायची, जायची, आणि दादा मला सांगायचा, "ही चालली." मी दोन ग्लास रस आणला. त्याने पिशवीतून लिमलेटची गोळी काढून मला दिली. एका बसमधून सगळे उतरले, खळदकर नव्हते. दुसरी आली, नव्हते. मी मनातून अस्वस्थ. दादा मात्र जराही नाही. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं कोण येणार?"

काय सांगणार? म्हटलं, "मोहनच."

त्याला ते पटलं.

तिसऱ्या बसमधून खळदकर उतरले. शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाह्या वर सरकलेल्या. तरी ते दारात थांबले, रुमालाने हात पुसले आणि रमतगमत चालत आले.

"उशीर," दादा म्हणाला.

"सिग्नल होता रे," म्हणता म्हणता त्यांचा धीर सुटला. बाकावर बसले, दादाचा हात धरला आणि हमसून हमसून रडले. दादा घाबरला नाही. त्याने खिशातलं तिकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, कारण माझ्याच्याने राहवेना, "कात्रजहून इथे यायला एवढा वेळ? रिक्षा केली नाहीत?"

"केली ना. हडपसरपर्यंत. तिथे उतरलो आणि बसची वाट पाहिली." नाक पुसत ते म्हणाले, "मी बसमधून उतरतो, असं सांगितलंय त्याला."

मागाहून कळलं की खोदकामामुळे त्या सोमवारीच घरासमोरचा स्टॉप हलवला होता आणि मांजरीची बस दादाच्याच बाजूला थांबायला लागली होती. शहरातले सगळे मार्ग पाठ असलेले खळदकर रविवारचे प्रवासी; बुधवारी काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. दादाला रस्ता ओलांडायची गरजच पडली नव्हती.

आम्ही तिघं बसनेच परत आलो. दादा खिडकीशी बसला. खिडकी तो कुणाला देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. खळदकर त्याच्याशेजारी, मी मागे. त्यांनी मागे वळून मला एवढंच म्हटलं, "झोपू नका." मी झोपले नाही. येताना हाच रस्ता मी शिव्या घालत, घड्याळ बघत कापला होता आणि त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. शेवंतीचे वाफे होते, एक आंधळी विहीर होती, शाळेच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेला हत्ती होता. हे सगळं जातानाही होतंच की.

घरी नसीम आपा ताप अंगात घेऊन दारात उभ्या होत्या. दादाला बघून त्यांना पुन्हा रडू फुटलं. "माफ करा मोहनभाऊ, माझी चूक झाली. उद्यापासून मी दाराला कुलूप लावत जाते."

"अजिबात नाही, आपा," खळदकर म्हणाले. इतक्या ठाम आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "कुलूप लागणार नाही याची खात्री आजच तर झाली मला. इतकी वर्षं नव्हती."

आणि मला कन्याकुमारी आठवली. त्यांची केलेली ती थट्टा आठवून मान वर करवेना. तसं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "त्यात काय, विनोद बरा होता."

पुढे ते निवृत्त झाले, मग मी. दोन वर्षांपूर्वी हे गेले. मुलगी परदेशात. फ्रिजवरचे मॅग्नेट तेवढे जिथल्या तिथे आहेत.

गेल्या महिन्यात भाचीकडून परतत होते. कात्रजच्या स्टॉपपाशी गाडी हळू केली आणि बाकावर मनगटापर्यंत बटण लावलेल्या बाह्या दिसल्या. खळदकर. एकटेच, हातात काठी. दादाचं विचारायची हिंमत होईना. गाडी कडेला लावून गेले.

"चला खळदकर, सोडते घरी."

"नको. दादा येतोय," ते म्हणाले. "मागच्या बसने. गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझं. आता धावतपळत मागून जायला जमत नाही. म्हणून मी पुढे आणि तो मागे. आपा घरून चढवून देतात त्याला."

"आणि तो उतरलाच मध्ये तर?"

"नाही उतरत," खळदकर म्हणाले. त्यांनी मानसुद्धा लांब केली नव्हती. आरामात पाठ टेकून बसले होते. मी शेजारी बसले. दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरीतून सगळ्यांत शेवटी दादा उतरला, दांडीला धरून, एकेक पाय सांभाळत.

"उशीर," खळदकर म्हणाले.

"सिग्नल होता," दादाने सांगितलं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे, पण अगदी काळजीने विचारलं, "तुझं कोण येणार?"

समोर माझी गाडी उभी होती. ती दाखवता आली असती. पण खरंच, कोण येणार होतं? डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू.

दादाने वाट पाहिली. मग एका हाताने खळदकरांना उठवलं, दुसरा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "चल."

"गाडीचं काय?" खळदकरांनी विचारलं.

"उद्या येईन न्यायला," मी म्हटलं. "बसने."

परतीची बस रिकामीच होती. कंडक्टर आला. दादाने नोट पुढे धरली, आमच्या दोघांकडे एकदा पाहून तीन बोटं दाखवली. तिकिटं हातात आल्यावर एक माझ्या हातात दिलं आणि ते मी नीट धरेपर्यंत थांबला. मग उठून बाजूला झाला आणि मला खिडकीशी बसवलं.